एक पान, दुप्पट अंतर

एडिंबराहून पत्र आलंय:
कादंबरी इतक्यात नको, आधी सारांश पाठवा.
एकच पान. दोन ओळींत दुप्पट अंतर.
पात्राचं नाव पहिल्यांदा येईल तेव्हा ठळक अक्षरांत.
आणि शेवट सांगून टाका.
(ताकाला जाऊन भांडं लपवू नका, एवढंच म्हणायचंय त्यांना,
पण सभ्य लोक आहेत.)

चारशे बारा पानं आहेत माझी.
अकरा हिवाळे,
स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या आतल्या बाजूला,
शेवटची बोट सुटल्यावर, हीटर बंद करायच्या आधी
जो पाऊण तास उरतो
त्यात लिहिलेली.
प्रत्येक पानाच्या पाठीवर
रद्द झालेल्या फेऱ्यांचं वेळापत्रक.

पहिला प्रयत्न:
मॅन्सी आणि एर्लंड हे भाऊ
एका नावेवरून भांडतात, तीस वर्षं बोलत नाहीत.
झालं.
दोनशे साठ पानं दीड ओळीत.
न बोलता ते किती आवाज करायचे,
एकाचा कुत्रा दुसऱ्याच्या शिट्टीला
कसा कान टवकारायचा आणि मग ओशाळायचा,
त्याला जागा नाही.

गिल्बर्ट सिंकपाशी हॅडॉक साफ करतोय.
मांस ताटलीत, काटा खिडकीबाहेर, पक्ष्यांना.
मी म्हटलं, एडिंबराला काटा हवाय.
मांसाचं ते नंतर बघणार आहेत.
तो म्हणाला, मग दे की, थोरा. पण अख्खा दे.
मधे मोडलास तर मासा कुठला तेच कळत नाही.
या माणसानं माझं एकही पान वाचलेलं नाही.

दुसरा प्रयत्न.
सारांशाला 'म्हणून' लागतो.
वडील गेले म्हणून. नावेची वाटणी होईना म्हणून.
मी अकरा वर्षं नुसत्या 'आणि'वर भागवलं होतं.
आणि वारा सुटला. आणि मॅन्सीनं दार लावलं.
आता प्रत्येक दाराला कारण विचारायचं,
कस्टमवाल्यासारखं.

बेला कुठेच बसत नाही.
ती काही करतच नाही. पान दोनशे अकरावर अंडी मोजते.
तेरा. दोन टोपल्या. दोन उंबरे.
आज याला सात, त्याला सहा,
उद्या उलट.
तीस वर्षांत एकदाही चुकलेली नाही.
तिला काढलं.
परत घातलं.
'एक शेजारीण' असं लिहिलं,
म्हणजे ठळक अक्षरांचा प्रश्न मिटला.
तर तिच्यापाठोपाठ
सगळे 'म्हणून' एकेक करून गळायला लागले.

राहिला शेवट.
उघडून पाहिलं. चारशे बाराव्या पानावर धुकं आहे.
धुक्यात नाव, नावेत कुणीतरी एक.
कोण ते लिहिलेलं नाही.
वाचक समजून घेईल असं मला वाटलं होतं.
खोटं. मला माहीत नव्हतं,
आणि धुकं पडलं की कोण विचारतो.

शेवटी नावेत एर्लंड असतो, असं लिहिलं.
खोडलं.
शेवटी नावेत मॅन्सी असतो.
हेही कुणा दुसऱ्याच्या पुस्तकातलं वाटलं.
गिल्बर्ट झोपायला गेला. हाताला मासळीचा वास,
मी तर माशाला शिवलेही नव्हते.

पावणेदोन वाजता बेलाला नाव दिलं, ठळक अक्षरांत.
मग नाव दिली.
अडुसष्ट वर्षांची बाई, आयुष्यात वल्हं न धरलेली,
शेजारी अंड्यांची टोपली,
एकच टोपली,
आणि दोन्ही उंबऱ्यांवर सकाळी काही नसणार.

पान भरलं. खाली चार ओळी उरल्यासुद्धा.

एडिंबराला कळवलं, सारांश तयार आहे,
कादंबरीला मात्र थोडा वेळ लागेल,
पान दोनशे अकरापासून पुढे.
रेडिओ म्हणतोय उद्या वादळ,
सगळ्या फेऱ्या रद्द.
कागदाची चिंता नाही.